शनिवार दुपारच्या बाई

आमच्या शाळेत योगाच्या बाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचं नि माझं वाजलं. सांगायला लाज कसली? भवानी पेठेतली मुलींची शाळा, हाताशी दहावीचा वर्ग, आणि मी गणिताची बाई. खेळाचा, चित्रकलेचा, कुठलाही मोकळा तास दिसला की तो गणिताला ओढायचा, ही आमच्या शाळेची वहिवाट होती आणि ती मीच पाडली होती. तशी त्या दिवशी खडू-डस्टर घेऊन योगाच्या तासाला वर्गात शिरले. बघते तर बाई फळ्याखाली जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, आणि सगळ्या पोरी डोळे मिटून काहीतरी चघळतायत.

"बाई, माझं प्रमेय राहिलंय," मी म्हटलं.

"मंग बसा की. आदी ह्यो एक शेंगदाणा खावा. सावकाश. दाताखाली फुटला की कुटल्या बाजूला जातो तेवढं बगा."

"मला दाण्याशी काय करायचंय?"

"डोकं जाग्यावर आलं की प्रमेयाचं बी जमतंय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातावर दाणा ठेवून पुन्हा डोळे मिटून बसल्या.

पोरी फिदीफिदी हसल्या. मी तणतणत थेट मुख्याध्यापिकांकडे गेले. योग शिकवायला आणलंय की खारे दाणे वाटायला, असं विचारलं. त्या मान हलवून हसल्या आणि त्यांनी काहीच केलं नाही.

दाण्यांचं गणित मला पुढं कळलं. आमच्या बऱ्याच पोरींच्या आया विड्या वळतात. उजाडताच मांडीवर सूप घेऊन बसायचं, दुपारी माल कारखान्यात नेऊन द्यायचा, त्या धावपळीत पोरी रिकाम्या पोटी शाळेत यायच्या. प्रार्थनेला कुणी ना कुणी चक्कर येऊन पडायचीच. "उपाशी पोरीला डोळे मिटायला लावलं तर तिला भाकरीच दिसणार की," बाई म्हणायच्या. म्हणून तासाची सुरुवात दाण्यांनी. शेवट गुळाच्या खड्यानं. दोन्ही त्या पिशवीतून आणायच्या आणि कुणी आभार मानायला लागलं तर चिडायच्या.

बाई मूळच्या करकंबच्या. योगाचं रीतसर शिक्षण घेतलेलं, परीक्षेत वरचा नंबर आलेला, पण बोलणं शेताच्या बांधावरचं ते बांधावरचंच राहिलं. आमच्याकडे तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे आज आहेत, उद्या संस्थेनं नको म्हटलं की नाहीत. सकाळी दवाखान्यात गरोदर बायकांच्या रांगेपुढं उभं राहून त्यांना श्वास शिकवायचा आणि तिथून आमच्याकडे यायचं. अंगात सलवार-कमीज, कमरेला सोलापुरी टॉवेल घट्ट बांधलेला. खुर्चीवर त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे टेबलाभोवती आणि त्या खाली भिंतीला पाठ लावून. वरून डबा सरकवला की खालून हात यायचा.

रबरी मॅटवर त्यांचा भारी राग. "घसरून पडायची सोय हाय ही," म्हणायच्या. पोरींनी घरून जुनी चादर आणायची. सोलापुरात चादरीला तोटा नाही. तास सुरू झाला की आमचं पटांगण वाळवणासारखं रंगीबेरंगी दिसायचं.

रस्त्यानं चालताना त्या लोकांच्या चेहऱ्याकडे बघतच नसत, मानेकडे बघत. एकदा तपासणीला एक मोठे साहेब आले. फाईल काखेत, कपाळाला आठ्या, झपाझप चाललेले. मुख्याध्यापिका मागं पळतायत. पायरीवर बसलेल्या बाई म्हणाल्या, "साहेब, खांदे कानाला लावून कुटं निगालात? सोडा की खाली." साहेब थांबले. बाईंकडे बघितलं. आणि काय सांगू, खरंच खांदे सोडले. मग तिथंच पायरीवर टेकले, चहा मागवला आणि तपासणी इतकी मवाळ झाली की मुख्याध्यापिकांनी त्या दिवशी बाईंना काहीही बोलायचं नाही असं ठरवून टाकलं.

आणखी एक. 'शांत व्हा' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. शाळेला लागून यंत्रमागाचा कारखाना, दिवसभर खटखट चालू. आधीच्या योगशिक्षकांनी त्या आवाजापायी हात टेकले होते. बाई पोरींना म्हणायच्या, "आवाज बंद व्हायची वाट बगत बसलात तर म्हाताऱ्या व्हाल. आवाजातच बसा. माग चाललाय, चालू द्या. तुमचा श्वास बी चाललाय, त्यो बगा." घरातच माग असलेल्या पोरी त्या खटखटीत अशा काही बसायच्या की मलाच फळा सोडून खिडकीतून बघत राहावंसं वाटायचं. परीक्षेच्या दिवसांत त्याच पोरी पेपर हातात आल्यावर क्षणभर डोळे मिटून मग लिहायला घ्यायच्या. हे मी बघितलं होतं, पण कबूल करायला जीव धजत नव्हता.

आता मुद्द्याचं सांगते. धाकट्याच्या बाळंतपणापासून मला शिंक आली की लघवीचे थेंब जायचे. हसले तरी जायचे. जिना भरभर चढले तरी. झालं, सांगून टाकलं. एवढं एक वाक्य तोंडाबाहेर काढायला मला अर्धी नोकरी खर्ची घालावी लागली.

त्यात माझा धंदा खडूचा. प्रमेय फळ्यावर लिहायचं, धूळ नाकात, की आलीच शिंक. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरायची, पायाला पाय आवळायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. गडद रंगाच्या साड्या सोडून दुसऱ्या नेसणं मी बंद केलं. पर्समध्ये जादा परकर. कुठल्या दुकानात, कुठल्या बँकेत संडास आहे आणि त्याची कडी लागते की नाही, हे मला सगळ्या सोलापूरचं तोंडपाठ होतं. सहलीला मी कधी गेले नाही. आणि वर्गात हसायचं नाही, हा माझा नियम. पोरींना वाटायचं केवढी ही शिस्त. शिस्त कसली डोंबलाची! पोरींनी माझं नाव 'कडक भाकरी' ठेवलं होतं, तेही मला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी नोकरी सोडायची असं मी मनाशी पक्कं केलं होतं. घरी सांगितलं होतं, गुडघे दुखतात.

एका दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. मला शिंक आली. मी टेबल धरलं.

खालून आवाज आला, "बाई, शिकताना टेबलाला का धरता वं?"

"शिंकताना," मी तुटकपणे म्हटलं. "सवय आहे."

"सवय न्हाय ती. माझी आय बाभळीला धरायची."

त्या भिंतीला टेकून समोर बघत बोलत राहिल्या. त्यांच्या आईचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर यायचं. फडकं बांधून ती रानात राबली. कुणाला बोलली नाही. आधी लग्नकार्याला जायचं सोडलं, मग बाजाराला, मग शेजारणीकडे. शेवटी दारात बसायचीही बंद झाली. लोक म्हणाले, म्हातारी माणूसघाणी झाली. "मी योगाचे वर्ग घेत गावोगाव हिंडत हुते बगा," बाई म्हणाल्या, "आन माझ्या आयला काय होतंय ते मला तिला आंघोळ घालायची पाळी आली तवा कळलं. लई उशीर झाला हुता."

"मी काही तुमच्या आईसारखी नाही," मी फटकन बोलले. रागच आला होता मला. रडूही येत होतं.

"न्हाय की. म्हणून तर तुमाला सांगते."

त्यांनी आधी मला त्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. "त्यांनी बगू द्या. आत काय निराळं असलं तर ते त्यांचं काम, माझं न्हाय." डॉक्टरीणबाईंनी तपासलं, स्नायू सैल पडलेत म्हणाल्या, व्यायाम करा म्हणाल्या. मग योगाच्या बाईंनी मला शिकवलं. कसलं आसन नाही, कसलं अवघड नाव नाही. "लघवी मधीच अडवायची झाली तर जे आवळतं ना, ते. श्वास सोडता सोडता त्याला आत, वर उचलायचं. पोट न्हाय आवळायचं, दात बी न्हाय. आन मंग सोडायचं. बायका आवळायचं शिकतात, सोडायचं शिकत न्हाईत, तिथंच घोडं अडतंय." वेळ कधी काढू, असं मी विचारलं. "वेळ कशाला काढायचा? शाळेची घंटा झाली की उचला."

घंटा झाली की उचला! महिन्याभरात हे स्टाफरूममधल्या सगळ्या बायकांपर्यंत पोचलं. कसं पोचलं ते विचारू नका, एकीला विचारलं तर दुसरीच उत्तर द्यायची. मग रोज काय व्हायचं, घंटेचा टोला पडला की चालू गप्पा एकदम थांबायच्या. सगळ्याजणी नजर दूर लावून स्तब्ध. क्षणभरानं पुन्हा, "हं, तर काय सांगत होते…" आमचे इतिहासाचे सर भाविक माणूस. त्यांनी हे काही दिवस निरखलं आणि इतर सरांना हळूच सांगितलं, "आपल्या भगिनी घंटेला नामस्मरण करतात. किती चांगली प्रथा." दुसऱ्या दिवसापासून घंटा झाली की सर हात जोडून, डोळे मिटून उभे. त्यांना सांगणार कोण? मुख्याध्यापिका तोंडाला पदर लावून केबिनमध्ये पळाल्या. योगाच्या बाई मात्र खालून म्हणाल्या, "करू द्या की. त्येंचे खांदे बी खाली येत्यात."

जूनमध्ये सुरू केलं होतं. दिवाळीनंतर एकदा वर्गात फळा पुसताना मला सटासट शिंका आल्या. शिंका संपल्या आणि माझ्या लक्षात आलं की मी टेबलापासून चार हात लांब उभी आहे आणि काहीही झालेलं नाही. काहीही! मी पोरींकडे वळले आणि हसले. पहिल्या बाकावरची एक पोर घाबरून म्हणाली, "बाई, काही चुकलं का आमचं?" त्या साली क्रीडादिनाला शिक्षकांची दोरीच्या उड्यांची शर्यत होती. मी पिवळीधमक साडी नेसून गेले, पदर खोचला आणि अशा उड्या मारल्या की पोरी बाकांवर उभ्या राहून ओरडायला लागल्या. नोकरी सोडायचं खूळ डोक्यातून गेलं. गुडघे कसे काय बरे झाले, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा त्यालाही सगळं सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "आधी का नाही बोललीस?" आता काय सांगायचं त्याला.

शनिवारी आमची सकाळची शाळा. दुपारी वर्ग रिकामे. पोरींच्या आयांचा तास तिथं घ्यायचा, हे बाईंच्या मनात होतं आणि मुख्याध्यापिकांच्या गळी मी उतरवलं. पण आया येईनात. माल द्यायची वेळ तीच. शेवटी एका शनिवारी आठवीतल्या एका मुलीची आई, नरसव्वा, दारापर्यंत आली, बगलेत सूप. कारखान्यात माल देऊन तशीच आली होती. घरी तेलुगू, बाहेर मराठी, दोन्हीत लाजणारी बाई. सूप बाहेर ठेवायला लागली तर योगाच्या बाई म्हणाल्या, "आत आणा. रिकामं हाय नव्हं? तंबाखूचा कण नगं, नुसतं सूप. घरी कशा बसता तशा बसून दावा."

ती बसली. सूप मांडीवर, मान वाकलेली, कंबर खचलेली. बाई तिच्याशेजारी तशाच बसल्या आणि बराच वेळ बसून राहिल्या. मग तिच्या बैठकीखाली चादरीची घडी सारली, सूप थोडं वर घेतलं, मान कुठं सोडायची ते दाखवलं. "विडीची एक जुडी बांधली की एकदा उचला. आन मेल्लगा, मेल्लगा," म्हणजे सावकाश. एवढा तेलुगू शब्द त्या दवाखान्यातल्या रांगेत शिकल्या होत्या. नरसव्वा हसली आणि त्यांचा उच्चार सुधारून दिला. पुढच्या शनिवारी ती गल्लीतल्या बायका घेऊन आली, सगळ्या बगलेत सूप घेऊन. पावसाळा आला तोवर वर्ग अपुरा पडायला लागला. दवाखान्यात कधी न गेलेल्या बायकांना बाई स्वतः डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जायच्या.

आणि कुणाच्या तरी डोळ्यांत ते खुपलं. फाटकातून आत जाणारी सुपं कुणीतरी पाहिली. गावभर झालं, शाळेत विड्या वळतात. कुणा पोरीनं घरात काही विचारलं असेल, त्याचं झालं, योगाची बाई आयांना नको ते शिकवते. तक्रार संस्थेच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष वयस्कर, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातले, मनानं वाईट नव्हेत, पण नाव जपणारे. त्यांनी पालकसभा बोलावली, तीही वर्गाच्याच वेळी, शनिवारी दुपारी. शनिवारचा वर्ग बंद आणि बाईंचे तासही बंद, असं सभेत जाहीर करायचं होतं. मला आधी बोलावून म्हणाले, "बाई, तुमचं मत सभेत मांडा. योगाचे तास अर्थातच गणिताला देऊ." माझी कीर्तीच तशी होती, त्यांचा दोष नाही.

सभेच्या आधी बाई स्टाफरूममध्ये खाली बसलेल्या होत्या. त्यांचे खांदे कानाला लागलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"मला काढलं तर मी दुसरीकडं तास घेईन वं," त्या म्हणाल्या. "पन ह्या बायकांनी एकदा तोंड उगडलंय. आज ह्येंच्यासमोर त्येंना खाली बगाय लावलं, तर परत कुणापुढं बोलायच्या न्हाईत. माझ्या आयसारक्या दार लावून बसतील."

सभागृह भरलं होतं. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका. योगाच्या बाईंना व्यासपीठावर खुर्चीवर बसवलं होतं, आणि खुर्चीवर त्या इतक्या अवघडलेल्या दिसत होत्या की माझ्या जिवाची तगमग झाली. अध्यक्ष तंबाखूबद्दल बोलले, संस्कृतीबद्दल बोलले. एक गृहस्थ उठून म्हणाले, "आमच्या घरातल्या बायकांना असलं काहीही होत नाही." नरसव्वा पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

"आता गणिताच्या बाई सांगतील," अध्यक्ष म्हणाले. "त्या स्पष्टवक्त्या आहेत."

मी उठले. म्हटलं, "सुपं रिकामी होती. तंबाखूचा कण वर्गात आला नाही, मी स्वतः बघितलंय. आता दुसरं. मी वर्गात हसत नाही म्हणून तुमच्या पोरी मला कडक भाकरी म्हणतात. का हसत नव्हते ते सांगते. हसलं की माझे थेंब जायचे. शिंकलं की जायचे. नोकरी सोडायला निघाले होते मी. या बाईंनी मला शिकवलं आणि ते थांबलं. एवढंच त्या शनिवारी शिकवतात. यात नको ते काय आहे, ते मला कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवा."

अध्यक्षांचा चेहरा लालबुंद. "बाई, हे असं… इथं…"

"इथं नाही तर कुठं, चहाच्या टपरीवर?" मी म्हटलं. आवाज वर्गातला होता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कुणीतरी उठलं. नरसव्वा. अध्यक्षांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. व्यासपीठावरच्या बाईंना तिनं विचारलं, "बाई, जुडी बांधताना जमतंय मला. पाण्याची घागर उचलताना परत होतंय. तवा कसं करायचं?"

मागच्या रांगेतून बुरखा घेतलेली एक आई म्हणाली, "मेरेकू खाँसते वखत होता, बाई. उसकू क्या करना?"

"पोटुशी असताना केलं तर चालतं का?"

"माझ्या सासूला आणू का? बाईंकडं का डॉक्टरकडं?"

बघता बघता अर्धं सभागृह उभं. जिनं गेल्या दोन बाळंतपणांत हूं की चूं केलं नव्हतं तीही विचारत होती. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. खुर्ची मागं सारली, व्यासपीठावरून उतरल्या आणि बायकांच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसल्या. बायकांनी धडाधड खुर्च्या भिंतीला लावल्या आणि त्यांच्याभोवती बसकण मारली.

"अध्यक्षसाहेब," बाई खालूनच म्हणाल्या, अगदी आदरानं, "बाप्यांना घेऊन जरा भाईर थांबता का? बायका मोकळ्या बोलतील."

अध्यक्षांनी सभागृहभर नजर फिरवली. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी फाईल उचलली आणि ते बाहेर गेले. त्यांच्या मागं सगळे बाप्ये, 'आमच्या घरात होत नाही' म्हणणारे गृहस्थही. त्यांची बायको बाईंच्या अगदी जवळ सरकून बसली होती. मी दार लावलं आणि दाराशी उभी राहिले. आत कुणीतरी घागर उचलल्याचं सोंग करून दाखवत होतं आणि बायका खदखदून हसत होत्या. मीही हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

खिडकीतून व्हरांडा दिसत होता. अध्यक्ष फाईल छातीशी धरून उभे. एक पालक स्कूटर लावून धावतपळत पायऱ्या चढला आणि मोठ्यानं म्हणाला, "साहेब, उशीर झाला. मीटिंग संपली का?"

अध्यक्षांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "आत तास चाललाय."